साहेबाच्या कबरीतलं सोनं

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींविषयी एक मेसेज साताऱ्याकडच्या ग्रुपांवर अधूनमधून उगवतो. कबरी बेवारस आहेत, आत साहेबानं सोनं पुरलंय, शे-दीडशे वर्षांच्या बांधकामाशी पुरातत्त्वाचा संबंध नाही आणि तसंही ही माणसं आपली नव्हती, असा त्याचा मथितार्थ.

आधी सोनं. मृताबरोबर धन पुरण्याची ख्रिस्ती रीतच नाही. कफन, लाकडी पेटी, फार तर बोटात राहून गेलेली अंगठी. चोरीला जातं ते वरचं: लोखंडी कठडे, संगमरवरी पाट्या, अक्षरांत ओतलेलं शिसं. भंगाराचा भाव, बाकी काही नाही. आणि समजा जमिनीत धन सापडलंच, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लोकांच्या भावना दुखावतील हे ठाऊक असून दफनभूमीत घुसखोरी केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे.

बेवारस? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून पाहा. जागा नोंदणीकृत ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टींनाही ती विकता येत नाही.

‘जुनं नाही’ हा मुद्दा वरकरणी पटतो, म्हणून जास्त घातक. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातल्या प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत दफनाची जागा स्पष्ट लिहिलेली आहे. अट शंभर वर्षांची आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची. सुरतेतल्या इंग्रज आणि डच कबरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केल्या आहेत. मात्र शंभरी भरली म्हणजे आपोआप संरक्षण मिळालं असं नाही, त्यासाठी अधिसूचना लागते. ती निघेपर्यंत पाट्या गायब होत राहतात, खरी अडचण ही आहे.

शिवाय पुरातत्त्व म्हणजे खणणंच, हे कुणी सांगितलं? मृत्यूचं साल, वय, पलटणीचं नाव, एकाच मोसमात शेजारी-शेजारी पुरलेली पोरं, यांवरून साथीचा अंदाज न खणता बांधता येतो. पण दगड जागच्या जागी हवा. पाट्या उपटून भिंतीला ओळीनं लावल्या की ‘सुशोभीकरण’ होतं आणि पुरावा जातो.

राहिलं ‘आपली नव्हती’. महाबळेश्वरची जागा १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी इंग्रजांना करार करून दिली, बदल्यात खंडाळा गाव घेतलं. मुंबई फौजेचे सेनापती बेकविथ १८३१ मध्ये महाबळेश्वरीच वारले. पाचगणी वसवणारे चेसन तिथेच, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहेत. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. माणसांच्या बाबतीतच हात का आखडतो? आणि ख्रिस्ती म्हणजे गोरे, हेही चूक. मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अखेरची वर्षं साताऱ्यातच काढली.

मेसेजला उत्तर म्हणून काही तरुण मंडळी स्वच्छता मोहीम काढतात. चांगलंच आहे, पण तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड घरी ठेवा. मऊ ब्रश, साधं पाणी पुरे. भेगेत सिमेंट भरू नका, ते ओल आत कोंडून धरतं. कबरीतून उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळांबरोबर चौथराच उखडतो. अक्षरं वाचायला खडूही नको: सकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, पुसट पाटीही वाचता येते.