सहा कुंड्यांचा बागायतदार

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात पंधरवड्यापूर्वी माझा जो पाणउतारा झाला, तो अजून घशाखाली उतरलेला नाही. मागणी साधी होती. संक्रांत झालेली, पहाटेची थंडी ओसरायला लागलेली, उन्हाळी भाजीचं बी टाकायची हीच वेळ. वांगी, मिरची, टोमॅटो आणि भेंडी यांचं बी मागितलं.

मालकांनी बिलाच्या संगणकातून मान वर न काढता विचारलं, "क्षेत्र किती?"

"सहा कुंड्या."

मान वर आली.

मी तयारीनिशी गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. खिशात तक्ता होता. थंड मुलखातली माणसं काय करतात, तर शेवटचं दंव कधी पडतं ती तारीख धरतात आणि तिथून सहा-आठ आठवडे मागं मोजून घरात, दिव्याखाली बी टाकतात. सांगलीत भर जानेवारीत दुपारी पारा तिशीला टेकतो. इथं दंवाचा काय धाक? आपला वैरी एप्रिल. दिवसा पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा हटला नाही की टोमॅटोची फुलं नुसती गळतात, फळ धरत नाही. म्हणून मी एप्रिलपासून उलटा मोजत आलो. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत तयार होतं, वांग्याला महिना-सव्वा महिना लागतो, मिरचीला त्याहून जरा जास्त. भेंडीला रोपाची भानगड नाही. बी रात्रभर भिजवायचं आणि थेट कुंडीत टोचायचं. मात्र माती गार असली तर ते उगवायचं नाव घेत नाही, म्हणून तिला जानेवारीची अखेर. पाडव्याला भेंडीची भाजी, अक्षय तृतीयेला भरली वांगी. तक्त्याला तीन रंग होते. तो दाखवायची संधी मला कुणी दिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पण दुकानात आण्णा होते.

खताच्या पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसलेले. पांढरी टोपी, धोतर, तळहातावर तंबाखू. त्यांना काहीही घ्यायचं नव्हतं. मुलगा यार्डात हळदीचा सौदा बघायला गेला होता आणि तो येईपर्यंत आण्णांना करमणूक हवी होती.

"किती म्हणालं पाव्हणं? सा गुंठं?"

"कुंड्या, आण्णा."

"कुंड्या," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. शेजारच्यानं ते त्याच्या शेजारच्याला सांगितलं. दारात उभा असलेला टेम्पोवाला आत आला.

"बरं. आन् त्यात पिकं कंची कंची?"

"दोन कुंड्यांत वांगी, दोनमध्ये मिरची, एकात टोमॅटो, एकात भेंडी."

आण्णांनी डोळे मिटून जणू पंचवीस एकरांचा नकाशा पाहिला. "फेरपालट करताय का न्हाई?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एक सुरकुती हलत नव्हती.

"न्हाई, इचारलं. वांगं, मिरची, टमाटं, तिन्ही एकाच कुळातली. त्याच मातीत पुन्यांदा तीच लावली की मर लागतीया. औंदा भेंडीची कुंडी हाय तितं फुडच्या साली वांगं घ्या. वांग्याच्या कुंडीत भेंडी."

हा सल्ला शंभर टक्के खरा आहे, हे मला तिथंच कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. थट्टा करायची तर निव्वळ थट्टा करावी. मधेच उपयोगी बोलून समोरच्याची पंचाईत करू नये.

"पाणी कशाचं?"

"नळाचं. महापालिकेचं."

"पाळी?"

"सकाळी तासभर येतं."

"सकाळी!" आण्णा थप्पीवरून जरा पुढं सरकले. "ऐकलं का रं? यांस्नी सकाळी येतंय. आमची लाईट रातीला. अंधारात, इच्चूकाट्यात पिकाला पाणी पाजायला दारं धरायची." यावर कुणी हसलं नाही. टेम्पोवाला तेवढा "व्हय की" म्हणाला. मग मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. वास्तविक महापालिकेचं वेळापत्रक मी लावलेलं नाही, आणि महावितरणचंही नाही.

तेवढ्यात मालकांनी पुड्या काउंटरवर टाकल्या. वांग्याची सर्वांत लहान पुडी १० ग्रॅमची. वांग्याचं बी ग्रॅमला दोनशेच्या वरच भरतं, म्हणजे पुडीत दोन हजारांहून जास्त. "याहून लहान नाही?" असं विचारल्यावर मालक म्हणाले, "सर, यातनं खाली फक्त नमुना येतो, आणि तो शेतकऱ्याला देतो आम्ही."

आण्णांनी पुडी मागून घेतली, हात लांब करून वाचली. "उगवण किमान ७० टक्के. म्हंजी दोन हजारातलं सहाशे गेलं. चौदाशे झाडं ऱ्हायली." मग माझ्याकडे वळून, "कुंड्या दोन न्हवं?"

"दोन."

"दाट हुईल."

आता मात्र दुकान फुटलं. मालकही हसले, बिलावर काम करणारा पोरगाही हसला. मी गंभीर चेहऱ्यानं पुडीवरची तपासणीची तारीख बघत राहिलो. तिथून नऊ महिने बी वैध धरतात, हे मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही.

"रोप कुटं करणार?"

"घरी. खिडकीत. ९८ घरांचा ट्रे आणलाय." हे बोललो आणि जीभ चावली. "कोकोपीटमध्ये स्वतःचा कस काहीच नसतो, म्हणून त्यात गांडूळखत मिसळणार आहे."

"खिडकीत नर्सरी," आण्णा हळूच म्हणाले. "आवं पर रोपवाल्याकडं तयार रोप रुपया-दीड रुपयाला मिळतंय. भेंडी सोडली तर तुमास्नी लागत्यात पाच. साडेसात रुपयं. बी किती झालं हो यांचं?"

"आठशे चाळीस," मालक म्हणाले. "कोकोपीट सोडून."

काही हिशेब माणसाला एकांतात कळावेत. गणिताचा पेपर वर्गासमोर वाचून दाखवल्यावर होते तशी माझी अवस्था झाली. स्वतः बी टाकून, ओल्या फडक्याखाली ट्रे झाकून, पाचव्या-सहाव्या दिवशी तो हिरवा वाकडा मणका वर येताना बघायचा, याची किंमत साडेसात रुपयांत बसत नाही, हे मी म्हणणार होतो. पण टेम्पोवाल्यासमोर म्हणवेना.

"किष्णाकाठची वांगी म्हणून लावताय व्हय?" आण्णांचं संपलेलं नव्हतं. "ती चव मळीच्या, नदीकाठच्या गाळाच्या रानाची. गच्चीवर किष्णा कुटनं आणायची?"

इथं मात्र मी बोललो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आपणहून आमच्या इमारतीच्या तळमजल्यात आली होती, कुणी आणायला गेलं नव्हतं. खालच्या फ्लॅटच्या भिंतीवर तिची रेघ अजून आहे. खाली जी चार वाफ्यांची बाग होती ती तेव्हाच गेली, म्हणून तर कुंड्या गच्चीवर. आण्णांनी मान डोलावली. "आमचा ऊस पंधरा दिस पाण्यात हुता," एवढंच म्हणाले, आणि तंबाखू झटकली.

मग लगेच मूळ पदावर. "आसं करा. पुडी हितंच फोडा. तुमच्या दोन कुंड्यांपुरतं घ्या, उरल्यालं मला द्या. निम्मं पैसं देतो."

"आण्णा, फोडलेल्या पुडीची आमची जबाबदारी नाही हां," मालक.

"तुला कोण इचारतंय? पाव्हण्याचा माल हाय."

खरं म्हणजे प्रस्ताव उत्तम होता. पण मी पुडी उचलून पिशवीत टाकली. चौदाशे झाडं तर चौदाशे. ती पुडी आता डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आहे. बियांना औषधाचा गुलाबी रंग आणि पुडीवर "खाण्यास वापरू नये" अशी सूचना, त्यामुळे घरात त्यावरून वेगळं रण पेटलंय.

मला कळत नाही, शहरातल्या माणसानं बी घ्यायचं कुठं? मॉलमध्ये वीस बियांचं पाकीट नव्याण्णव रुपयांना मिळतं. त्यावर तोंडात मावणार नाही असा टोमॅटो छापलेला असतो. मी घेतलेल्या पाकिटावर लॉट नंबर नव्हता, तपासणीची तारीख नव्हती, आणि उगवलं होतं ते गवत. नीट, तपासलेलं, बिलासह बी हवं तर इथंच यावं लागतं, आणि इथं एकराखालच्या माणसाला माणूस म्हणत नाहीत. ज्यानं तक्ता केलाय, ज्याला फुलगळ कळते, तो हौशी. आणि ज्याला "कुठलं पण द्या, जोरात येणारं" एवढंच सांगता येतं त्याला खुर्ची आणि चहा. हे मी डोळ्यांनी पाहिलं. चहा माझ्या नाकासमोरून गेला.

बिल मात्र रीतसर. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्यानं ते द्यायलाच हवं. नाव, मोबाइल, गाव सांगली, तालुका मिरज.

"जिल्ह्याचं ठिकान, आन् तालुका मिरजंचा," आण्णा पुटपुटले. तोही दोष माझाच असल्यासारखे.

क्षेत्राच्या रकान्यात पोरगा अडला. शून्य टाकलं की संगणक पुढं सरकेना. "एक टाकू का सर?" मी हो म्हटलं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

काल सकाळी फोन आला. गोड आवाजाची मुलगी. "नमस्कार दादा, तुमच्या एक एकर वांग्याविषयी बोलायचं होतं. शेंडे व फळं पोखरणारी अळी दिसतेय का?"

"अजून दोनच पानं आली आहेत."

"संपूर्ण क्षेत्रात?"

मी ट्रेकडे बघितलं. "हो. संपूर्ण."

"मग आत्ताच नियोजन करायला हवं दादा. ड्रोननं फवारणी करून देतो आम्ही. जमीन सपाट आहे का?"

"सपाट आहे," मी म्हणालो. "एका कोपऱ्यात तेवढं पाणी साचतं."

"आणि आजूबाजूला काही अडथळा? झाडं, विजेच्या तारा?"

"डिश अँटेना आहे. आणि सोमवारी पाटलांच्या वहिनींच्या चादरी असतात."

"बरं," ती म्हणाली, आणि पलीकडं तिनं ते टाइप केल्याचा आवाज आला. "मग मंगळवारचं बुकिंग घेऊ?"