मालिका वाचवायची तर सेट मोडायच्या आधी

मराठवाडी बोलीतली आपली मालिका बंद होतेय. 'टीआरपी घसरला म्हणून मालिका बंद', एवढंच त्यावरच्या लेखात आलंय. पण तो आकडा येतो कुठून? बार्क, म्हणजे टीव्ही किती बघितला जातो ते मोजणारी संस्था, निवडक घरांत मीटर बसवते. आवाजात मिसळलेल्या, कानाला न कळणाऱ्या खुणेवरून (वॉटरमार्क) चॅनल ओळखतात, आणि कोण बघतंय ते रिमोटचं बटण दाबून सांगायचं. लाइट गेली की त्या घरातलं बघणं शून्य. त्यात मालिका साडेआठवरून साडेसहाला ढकललेली. मराठवाड्यातल्या गावात ती वेळ धारा काढायची नि चुलीची, टीव्हीपुढं बसणार कोण? 'जायलोय, करायलोय' अशी मराठवाडी बोलणारी माणसं या मालिकेत निव्वळ हसवायला आणलेली नव्हती, हे तर कुठल्याच मीटरमध्ये येत नाही.

आता घाई करा. शेवटचा भाग चित्रित झाला की सेट मोडतात, स्टुडिओतली जागा दुसऱ्याला जाते, कलाकार दुसरीकडं तारखा देतात. मग मालिका वाचवायला गोळा केलेल्या सह्यांचा ढीग फुकट. भाग वाहिनीच्या ॲपवरच आणि शेवटपर्यंत बघा. चोरून टाकलेल्या तुकड्यांचे व्ह्यूज वाहिनीच्या हिशेबात येत नाहीत. फॉरवर्ड होऊन आलेला एकच मेल सगळ्यांनी वाहिनीला पाठवू नका, स्वतःचा तालुका आणि बघायची वेळ लिहा. मागणी एकच: साडेआठची वेळ परत द्या. रोज परवडत नसेल तर आठवड्याला दोन भागही चालतील.