कर्णाची जात चित्रपटवाल्यांनी आणलेली नाही

'महाकाव्यांवर जातीचा चिखल' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. अकरावीत शिकणारा माझा भाचा तो खरा मानून मित्रांना पाठवू लागला, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : पा. रंजित यांच्या 'काला' (२०१८) आणि मारी सेल्वराज यांच्या 'कर्णन' (२०२१) या तमिळ चित्रपटांनी महाकाव्यांत नसलेली जात त्यांच्यात घुसडली. कर्णाला सूतपुत्र, म्हणजे सारथ्याचा मुलगा, म्हणून हिणवल्याची कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेने खोटी ठरवली. कर्ण अंगदेशाचा राजा झाला, यावरूनच तेव्हा जन्मावरून भेद नव्हता हे सिद्ध होते. रामाने तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा वध केल्याची कथा प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली आहे. आणि रावणाची बाजू घेण्याचे धाडस यापूर्वी कोणी केले नव्हते.

यातला एक तुकडा खरा आहे. 'मी सूताला वरणार नाही' असे म्हणून द्रौपदीने स्वयंवरात कर्णाला नाकारल्याचा प्रसंग भांडारकर संस्थेच्या, अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत घेतलेला नाही. तो पाठभेदांत गेला आहे. तेवढ्या एका प्रसंगावर कर्णाच्या अपमानाची सगळी कथा उभी करणाऱ्यांनी ती दुरुस्ती स्वीकारलीच पाहिजे.

परंतु ज्या आवृत्तीचा हवाला दिला, तिची मागची पाने मजकूर लिहिणाऱ्याने उलटलेली दिसत नाहीत. वि. स. सुखटणकर यांनी संपादित केलेले आणि १९३३ मध्ये पूर्ण झालेले तेच आदिपर्व घ्यावे. राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या प्रदर्शनात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा अभिषेक करवतो. मजकूर इथेच थांबतो आणि 'पाहा, सूतपुत्र राजा झाला' असे सांगतो. पुढचा, १२७वा अध्याय मात्र वेगळेच दाखवतो. कर्णाला वाढवणारा वृद्ध सारथी अधिरथ रंगमंडपात येतो, नुकताच अभिषेक झालेला कर्ण त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि ते पाहून भीम म्हणतो, 'कुलस्य सदृशस्तूर्णं प्रतोदो गृह्यतां त्वया' : तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे. एवढ्यावर न थांबता, यज्ञातला पुरोडाश (देवांना अर्पण करायची पोळी) जसा कुत्र्याने खाऊ नये तसे अंगराज्य तू भोगू नयेस, असेही तो सुनावतो. हे शब्द अभिषेकानंतरचे आहेत. राज्य मिळाले तरी जन्म पुसला जात नाही, हेच तो प्रसंग सांगतो. म्हणजे ज्या अभिषेकाचा आधार घेऊन मजकूर भेद नव्हताच म्हणतो, तोच अभिषेक त्या भेदाची सर्वांत स्पष्ट साक्ष देतो. एकलव्यासाठी फार मागे जावे लागत नाही. १२३व्या अध्यायात द्रोणाचार्य त्याला शिष्य म्हणून स्वीकारत नाहीत आणि कारणही तिथेच लिहिले आहे, 'नैषादिरिति चिन्तयन्', हा निषादाचा मुलगा आहे असा विचार करून.

सूत म्हणजे आजचे दलित नव्हेत, हा आक्षेप योग्य आहे आणि कर्णाला सरसकट दलित म्हणणे मलाही पटत नाही. 'कर्णन' तसे म्हणतही नाही. त्यात एका दलित गावातली माणसे कर्ण, द्रौपदी, दुर्योधन, अभिमन्यू ही नावे धारण करतात आणि राजांची नावे या लोकांनी ठेवावीत हेच पोलीस अधिकाऱ्याला खुपते. त्या कथेमागे १९९५ साली दक्षिण तमिळनाडूतल्या कोडियन्कुळम या दलित गावावर पोलिसांनी केलेला हल्ला आहे.

शंबूकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याची कथा ज्यात येते ते रामायणाचे शेवटचे उत्तरकांड मागाहून जोडले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही कालिदासाच्या रघुवंशाच्या पंधराव्या सर्गात आणि भवभूतीच्या उत्तररामचरितात शंबूक आहे. प्रक्षेप असला तरी तो चित्रपटाच्या जन्माच्या शेकडो वर्षे आधीचा आहे.

'काला'मध्ये धारावीचा नायक रावणाच्या जागी उभा राहतो, म्हणून मजकूर विशेष संतापला आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृताला आपण मराठीची पूर्वज मानतो, तिच्यातच जैन कवी विमलसूरीने 'पउमचरिय' लिहिले. त्यात रावण राक्षस नसून विद्याधर, म्हणजे अलौकिक विद्या असलेला पुरुष, आहे, त्याची दहा तोंडे म्हणजे गळ्यातल्या हारात पडलेली प्रतिबिंबे आहेत आणि त्याचा वध लक्ष्मण करतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त वामनाला नव्हे, तर बळीला आपला राजा म्हटले, आणि 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे तर आपल्या घरांतून दिवाळीत म्हटले जातेच.

उरला प्रश्न महाकाव्यांत जात आणली कोणी याचा. उत्तर तमिळनाडूत द्रौपदी अम्मन ही ग्रामदेवता आहे आणि तिच्या उत्सवात महाभारताचे निरूपण आणि तेरुक्कूत्तू या लोकनाट्याचे खेळ होतात. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या मेल्पादी गावी अशाच एका द्रौपदी मंदिरात दलितांना प्रवेश नाकारला गेला, वाद पेटला आणि जून २०२३ मध्ये प्रशासनाला मंदिराला टाळे लावावे लागले. ते टाळे कोणत्याही दिग्दर्शकामुळे लागलेले नाही, आणि मजकुरात त्याबद्दल एक ओळही नाही.