रेड लायनचा निकाल आणि ओकीचोबीचं कुरण

फ्लोरिडात ओकीचोबी गावाच्या उत्तरेला एक मोठं कुरण आहे. सहाशेच्या वर एकर जमीन, सपाट, पाणथळ. त्यात जागोजागी टॉवर उभे आणि टॉवर ते टॉवर तारांची जाळी ताणलेली. खाली गाई चरतात. त्यांच्या डोक्यावरून एकेक १०० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर रात्रंदिवस बोलत असतात आणि गाई मान वर करूनही बघत नाहीत. गेल्या महिन्यात ऑर्लँडोहून लेकीला घेऊन तिथे गेलो. कुंपणाबाहेर गाडी लावून आम्ही अर्धा तास नुसते बघत उभे होतो.

लेकीनं विचारलं, "बाबा, इथे बोललेलं आजोबांना कऱ्हाडला ऐकू येईल?"

येईल, म्हटलं. वरचं वातावरण मेहेरबान असेल तर येईल. मध्ये ना केबल लागते, ना उपग्रह, ना कुणाचं सबस्क्रिप्शन. लहर आकाशाच्या वरच्या थरावर आपटते, खाली येते, समुद्रावर आपटून पुन्हा वर जाते आणि अशा उड्या मारत मारत पोचते. ऐकणाऱ्याकडे हजार-दोन हजारांचा रेडिओ असला की झालं. कोण ऐकतंय हे कुठल्याच सरकारला कळत नाही. एवढी मोठी गोष्ट माणसाच्या हाती लागली आणि अमेरिकेतल्या खासगी स्टेशनांनी तिचं काय केलं, हे गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घोळतंय. आज लिहूनच टाकतो. लांबेल, पण वाचा.

या कुरणाची वंशावळ आधी सांगायला हवी. १९३०च्या दशकात वॉल्टर लेमन नावाच्या माणसानं बोस्टनमध्ये एक शॉर्टवेव्ह स्टेशन काढलं. पुढे त्याचं नाव झालं डब्ल्यूआरयूएल. ही अक्षरं कशाची, तर 'वर्ल्ड रेडिओ युनिव्हर्सिटी लिसनर्स'ची. जगभरच्या श्रोत्यांचं विद्यापीठ! हार्वर्डच्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यावरून जायची, जाहिराती नसायच्या. मग युद्ध आलं, सरकारनं अशी सगळी स्टेशनं ताब्यात घेतली. युद्धानंतर पैशाची ओढाताण आणि विकाविकी सुरू झाली. १९६२ मध्ये ते मॉर्मन चर्चकडे गेलं, पुढे 'रेडिओ न्यूयॉर्क वर्ल्डवाइड' झालं आणि १९७३ मध्ये 'फॅमिली रेडिओ' या धार्मिक संस्थेनं घेतलं. तिनं १९७०च्या दशकाच्या शेवटी ते मॅसॅच्युसेट्समधून हलवून याच ओकीचोबीच्या कुरणात आणलं. नाव डब्ल्यूवायएफआर.

आणि याच संस्थेच्या प्रमुखानं, हॅरल्ड कॅम्पिंगनं, बायबलमधल्या आकड्यांची गणितं मांडून जाहीर केलं की २१ मे २०११ ला प्रभूचा निवाडा सुरू होणार. हिंदीसह कितीतरी भाषांत बोलणारी ती संस्था. लोकांनी नोकऱ्या सोडल्या. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त माणसानं आयुष्यभराची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींत घातली. २१ मे उजाडला आणि मावळला. मग ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगनं चूक कबूल केली. ३० जून २०१३ ला डब्ल्यूवायएफआर बंद झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी कॅम्पिंगही गेला. श्रोत्यांचं विद्यापीठ म्हणून निघालेली लहर ऐंशी वर्षांत कुठे येऊन पोचली बघा. मला हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

आता कुणी म्हणेल, याला धर्माचंच वावडं दिसतंय. अजिबात नाही. आमच्या घरी सकाळी आकाशवाणीवर भक्तिगीतं लागल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री हरिपाठ म्हणून झाला की रेडिओशी बसायचे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तिची वायर रेडिओच्या पाठीत खोचलेली. काटा केसाएवढा सरकवायचा, खरखरीतून आवाज वर यायचा, पुन्हा बुडायचा. एका रविवारी कोलंबोवरून एक इंग्रजी कार्यक्रम लागला, 'रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल'. त्यात उत्तराचा पत्ता सांगितला तो चक्क पुण्याचा! अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चच्या रेडिओचं आशियाचं काम तेव्हा पुण्यातून चालायचं. एड्रियन पीटरसन हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ ते बघत आणि हा कार्यक्रम करत. अण्णांनी पोस्टकार्डावर रिपोर्ट लिहिला. किती वाजता ऐकलं, कुठल्या मीटरवर, आवाज कसा होता. काही आठवड्यांनी क्यूएसएल कार्ड, म्हणजे रिपोर्ट पोचल्याची स्टेशनची पावती, आलं. ते अजून कऱ्हाडच्या घरी कपाटाच्या काचेत आतून चिकटवलेलं आहे. म्हणजे धर्मसंस्थेचाच रेडिओ होता, पण त्यानं अण्णांना घाबरवलं नाही की त्यांच्याकडे पैसे मागितले नाहीत. रेडिओ कसा ऐकावा ते शिकवलं. पीटरसन पुढे 'वेव्हस्कॅन' या कार्यक्रमासाठी लिहू लागले. तो कार्यक्रम कुठून जातो, तर याच ओकीचोबीच्या कुरणातून! २०१३ च्या शेवटी हे स्टेशन विकत घेतलं जेफ व्हाइट यांच्या डब्ल्यूआरएमआयनं, म्हणजे 'रेडिओ मायामी इंटरनॅशनल'नं. 'वेव्हस्कॅन' आता तेच तयार करतात. कुंपणाशी उभं राहून मी लेकीला हे सांगत होतो तेव्हा माझाच गळा दाटून आला.

तेव्हा माझं भांडण देवाशी नाही, लहर भाड्यानं देण्याशी आहे.

अमेरिकेत खासगी शॉर्टवेव्ह स्टेशन काढायचं तर दूरसंचार आयोगाची, एफसीसीची, अट आहे की ट्रान्समीटर निदान ५० किलोवॅटचा हवा. शिवाय नियम सांगतो की प्रसारण परदेशातल्या श्रोत्यांसाठी हवं, त्यातून अमेरिकेची संस्कृती दिसावी, आंतरराष्ट्रीय सद्भाव वाढावा. कागदावर किती सुंदर! पण ५० किलोवॅटचं वीजबिल कोण भरणार? परदेशातल्या विखुरलेल्या श्रोत्यांसाठी साबणवाला जाहिरात देत नाही. मग उरतं काय? तास विकणे. आणि दर आठवड्याला न चुकता तास विकत घेण्याइतका पैसा कुणाकडे असतो? ज्याच्याकडे दानपेटी आहे त्याच्याकडे. म्हणून डायल फिरवला की प्रवचन, पुढे सरकवला की दुसरं प्रवचन. लॉस एंजेलिसचे जीन स्कॉट २००५ मध्ये वारले, त्यांची जुनी प्रवचनं त्यानंतरही वर्षानुवर्षं शॉर्टवेव्हवर चालू राहिली. माणूस गेला तरी तास विकलेलाच.

परदेशाची अट? नॅशव्हिलच्या डब्ल्यूडब्ल्यूसीआरची एक अँटेना ईशान्येला तोंड करून आहे, म्हणजे कागदोपत्री युरोपकडे. पण युरोपला जाताना ती लहर अमेरिकेचा अख्खा पूर्व भाग ओलांडून जाते आणि ऐकणारे अन् पैसे पाठवणारे तिथेच बसलेले असतात. १९९०च्या दशकात याच वाटेनं सरकारविरोधी सशस्त्र टोळ्यांचे, मिलिशियांचे, कार्यक्रम घरोघरी गेले. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोट होऊन १६८ माणसं मेली, तेव्हा कुठे मिशिगनच्या एका मिलिशियावाल्याचा कार्यक्रम नॅशव्हिलच्या स्टेशननं थांबवला. सद्भावाचा नियम तोवर कुठे होता?

याचं उत्तर एका गावात सापडतं. पेनसिल्व्हानियात रेड लायन नावाचं छोटं गाव आहे. तिथे जॉन नॉरिस या पाद्र्याची स्टेशनं होती. एक साधं, डब्ल्यूजीसीबी, आणि १९६२ पासून डब्ल्यूआयएनबी हे शॉर्टवेव्ह. नोव्हेंबर १९६४ मध्ये डब्ल्यूजीसीबीवर बिली जेम्स हार्गिस या प्रवचनकारानं पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात फ्रेड कुक या पत्रकारावर नाव घेऊन आरोप केले. कुकनं उत्तरासाठी फुकट वेळ मागितला, स्टेशननं दिला नाही. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून १९६९ मध्ये एकमतानं कुकच्या बाजूनं निकाल लागला. श्रोत्याचा आणि प्रेक्षकाचा हक्क सर्वांत वरचा, प्रसारकाचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. लहरी मोजक्या आहेत, परवाना मिळाला म्हणून मालक झालात असं समजू नका, हा त्याचा गाभा.

पुढे १९८७ मध्ये समतोलाचा मूळ नियम, म्हणजे वादाच्या विषयात दोन्ही बाजू ऐकवायच्या हा, गेला. नाव घेऊन हल्ला झाला तर उत्तराची संधी द्यायची हा नियमही २००० मध्ये गेला. निकाल पुस्तकात राहिला, त्याचे हातपाय कापले गेले. डब्ल्यूआयएनबी मात्र त्यानंतरही तास विकत राहिलं.

आपल्याकडेही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पण आपण त्यातून उलटा अर्थ काढला. सार्वजनिक म्हणजे सरकारच्या कुलपातली! खासगी शॉर्टवेव्ह नाहीच. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत आणि धार्मिक संस्थांना एफएमचा परवाना मिळत नाही. इकडे कुलूप, तिकडे भाडं. ऐकणारा दोन्हीकडे दाराबाहेर. आमचे काही मित्र म्हणतात, भारताचंच बरं, निदान घाबरवणारे तरी नाहीत. मला पटत नाही. कुलूप घालणारा उद्या कुणाला बाहेर ठेवेल याची काय खात्री? मार्च २०२५ मध्ये एका सरकारी आदेशानं व्हॉइस ऑफ अमेरिका हा तिथल्या सरकारचा रेडिओ दोन दिवसांत गप्प झाला. तेव्हा अमेरिकेतून शॉर्टवेव्हवर बोलत राहिली ती हीच भाड्याची खासगी स्टेशनं. म्हणून मी ती बंद करा असं कधीच म्हणणार नाही.

कारण त्यांच्यात जीव आहे. मेन राज्यातल्या मॉन्टिसेलोचं डब्ल्यूबीसीक्यू बघा. अ‍ॅलन वायनर या माणसानं १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्याबाहेर जहाज उभं करून त्यावरून रेडिओ चालवला. सरकारनं जहाजावर धाड घालून तो बंद पाडला. १९९८ मध्ये त्यानंच रीतसर परवाना घेऊन हे स्टेशन काढलं आणि हौशी, विक्षिप्त, गाणारे, बडबडणारे, ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांना जागा दिली. पण तिथेही मोठा पैसा आला तो धर्मातूनच. ५०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आणि गोल फिरणारी अवाढव्य अँटेना उभी राहिली ती 'वर्ल्ड्स लास्ट चान्स' या संस्थेच्या पैशावर. ही संस्था पृथ्वी सपाट आहे असं शिकवते. गोल पृथ्वीला वळसा घालून पोचणारी लहर, आणि तिच्यावर हे! मला याचं हसू येत नाही, वाईट वाटतं. तेवढ्या विजेत किती शाळा बोलल्या असत्या.

गेल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो. डब्ल्यूआरएमआयवरून किम अँड्रयू एलियट यांचं 'शॉर्टवेव्ह रेडिओग्राम' जातं. हे गृहस्थ पूर्वी व्हॉइस ऑफ अमेरिकात श्रोत्यांचा अभ्यास करायचे. कार्यक्रमात बोलणं थोडं आणि बाकी नुसता किणकिणाट, ज्यात मजकूर आणि चित्रं भरलेली असतात. लेकीनं फोनवर अ‍ॅप उघडून तो रेडिओच्या स्पीकरला टेकवला. सिग्नल बुडत होता, वर येत होता. फोनवर एकेक ओळ उमटायला लागली, आधी बातमीचा मजकूर, मधली काही अक्षरं चुकलेली. मग चित्र, वरून खाली, पदर उलगडावा तसं. सिग्नल बुडाला की तिथे रंगांचा भुगा, परत आला की चित्र पुढे. लेक श्वास रोखून बसली होती. इंटरनेट बंद पाडलेल्या कुठल्याही देशात हे असंच पोचेल, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं फोनचं वायफाय मुद्दाम बंद करून खात्री करून घेतली. चित्र चालूच राहिलं. अर्ध्या तासाचा हा कार्यक्रम कुणाच्या दानपेटीवर चालत नाही. तो संपला आणि मी काटा हलवला तर शेजारी प्रवचन होतं, त्याच्या शेजारी आणखी एक.

आता तर या लहरींवर शिकागोच्या शेअरवाल्यांचाही डोळा आहे. सौदा सेकंदाच्या काही हजाराव्या भागानं आधी पोचावा म्हणून त्यांना २ ते २५ मेगाहर्ट्झमध्ये २० किलोवॅटपर्यंतची परवानगी हवी आहे. २०२३ मध्ये एफसीसीकडे तशी मागणी गेली. हॅम लोकांनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, जोरदार हरकत घेतली, मीही घेतली.

माझं मागणं फार नाही. आठवड्याचे १६८ तास असतात. प्रत्येक परवानाधारक स्टेशननं त्यातले चार तास विकू नयेत. शाळांना द्यावेत, हौशींना द्यावेत, निर्वासितांच्या भाषांना द्यावेत. विकलेल्या तासात कुणाचं नाव घेऊन आरोप झाले तर त्याला त्याच लहरीवर फुकट उत्तर देऊ द्यावं, म्हणजे फ्रेड कुकला जो हक्क मिळाला तोच. आणि ५० किलोवॅटची अट खाली आणावी. पाच किलोवॅटवर एखाद्या छोट्या संस्थेचं स्वतःचं स्टेशन निघू दे. मग तिला कुणाचा तास भाड्यानं घ्यायला नको आणि स्टेशनवाल्यालाही प्रलयाच्या तारखा विकाव्या लागणार नाहीत. प्रवचनं राहू देत, जरूर राहू देत, पण पन्नासातलं एक म्हणून.

हे सगळं मी एफसीसीला पत्रानं कळवलं आहे. अमेरिकेत असाल तर तुम्हीही कळवा, मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवतो.

लेकीनं रेडिओग्रामचा रिपोर्ट स्वतः लिहिला. वेळ, किलोहर्ट्झ, आवाज कसा होता, चित्राचा कुठला भाग भुगा झाला. तो तिनं कऱ्हाडला फोनवर वाचून दाखवला आणि अण्णांनी त्यात एक दुरुस्ती सांगितली: वेळ स्थानिक नाही, जागतिक लिहायची. ती दुरुस्त करून सोमवारी पाकीट टपालात टाकलंय. कार्ड आलं की फोटो इथेच टाकतो.