तांबट इथं राहत नाहीत

शेवग्याच्या शेंगांच्या तीन जुड्या परवापासून आमच्या फ्रिजमध्ये पडून आहेत आणि मी त्यांना हात लावू देत नाही. घरच्यांना वाटतंय, मला शेंगा आवडेनाशा झाल्या. तसं नाही.

मला पक्ष्यांचे फोटो काढायची खोड आहे. त्यासाठी खरं तर येडशीच्या रामलिंगला जावं. मुरूड, ढोकी करत तास-सव्वा तासात माणूस घाटात पोचतो. झाडी आहे, अभयारण्य आहे. रावणाशी लढून जटायू तिथंच पडला असं सांगतात. म्हणजे जखमी पक्ष्याच्या तोंडात पाणी घालणारा तिथं होऊन गेलाय, आणि त्याच्याच सेनेची आजची पिढी लेन्सच्या पिशवीला प्रसादाची पिशवी समजते. गेल्या खेपेला लेन्सचं झाकण गेलं. माकडानं ते चावून बघितलं, आवडलं नाही, आणि दरीत टाकलं. म्हणून यंदा ठरवलं, जे काय बघायचं ते लातुरातच, घराच्या मागं-पुढं.

मागच्या गल्लीतल्या एका घराच्या कंपाउंडमध्ये शेवगा आहे. त्याच्या वाळक्या फांदीला तांबटाच्या जोडीनं भोक पाडलं होतं. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर आणि गळ्यावर लाल टिकली, डोळ्याभोवती पिवळं. उन्हाळ्यात भर दुपारी कुणीतरी भांडं ठोकल्यासारखं टुक, टुक, टुक ऐकू येतं, तो हा. चोच मिटून ओरडतो, नुसता गळा फुगतो. आणि ओरडताना मान फिरवत राहतो, त्यामुळं आवाज आता शेजारून येतोय की पार चौकातून, ते कळत नाही. मी चार दिवस त्या आवाजामागं फिरून ते भोक शोधलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी रस्त्यात उभा राहून लेन्स वर केली. हप्त्यावर घेतलेली दीडशे-सहाशेची लेन्स आहे. गल्लीतली पोरं तिला पाईप म्हणतात. एका आजींनी विचारलं होतं, "ह्यातून तुळजापूरचा कळस दिसतोय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

एवढ्यात काका बाहेर आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचा पाईप. नळाला पाणी आलेला दिवस होता.

"काय करायलाव?"

"फोटो काढतोय काका. तांबटाचा."

"कोण तांबट?"

"तांबट. हा काय, शेवग्यावर."

काकांनी शेवग्याकडं बघितलंच नाही. "ह्या गल्लीत तांबट ऱ्हात न्हाईत. समदे मास्तर, न्हाईतर पोलीस. तुम्ही गंजगोलाईत जावा. सोळा रस्ते हायेत, कुठल्या तरी रस्त्याला घावंल."

"काका, पक्षी आहे तो."

(इथं पक्ष आणि पक्षी यांच्यावरचा विनोद होण्यासारखा होता. काकांनी तो केला. मी सांगत नाही.)

मग त्यांची नजर लेन्सच्या तोंडापासून निघाली, तिच्या रेषेत हळूहळू सरकत गेली, आणि शेवग्यापर्यंत न पोचता मधेच कंपाउंडच्या आत, नळाजवळ थांबली. तिथं पाण्याची मोटर घुरघुरत होती. थेट नळाला लावलेली.

"खाली घ्या ते आधी."

"अहो..."

"खाली घ्या म्हणलो ना! आमची अर्ध्याची हाय. समोरच्यानं एक एचपीची बसवलीया, तिचा फोटू काढा की! त्याच्या दारात कामून जात न्हाई तुम्ही? साहेब लोकाला गरिबाचीच मोटर दिसती."

समोरच्या घरातली मोटर त्याच क्षणी बंद झाली. पाण्याच्या बाबतीत लातूरकराला हसू नये, हे मला मान्य आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलोय आम्ही. तेव्हा मीही घागर धरून ओळीत होतो. पण मी महापालिकेचा नाही, हे पटवायला मला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तांबट दोनदा येऊन भोकात जाऊन गेला.

"बरं, एका फोटूचं किती मिळतेत?"

"काही नाही."

"मंग कामून?"

ह्या 'कामून'ला माझ्याकडं उत्तर नाही. पंधरा वर्षं शोधतोय. तेवढ्यात पाठीवर दप्तर टाकून एक नीटवाला पोरगा चालला होता. म्हटलं, ह्याला तरी दाखवावं. तर तो वर न बघताच म्हणाला, "पक्षी ना? पोकळ हाडं, चार कप्प्यांचं हृदय. परीक्षेला येतं." आणि क्लासला गेला. लातूर पॅटर्नमध्ये मान वर करायचे मार्क नसावेत.

वर बघणारा माणूस आमच्याकडं संशयितच. आणि तरी २० मार्चला चिमणी दिनाचे मेसेज ह्याच कॉलनीतून येतात, तेही भलत्याच परदेशी पक्ष्याचे फोटो लावून. माझ्या लहानपणी आमच्या माळवदाच्या घरात कडीपाटाच्या फटीत चिमण्यांची घरटी असायची. वरण वाढलेल्या ताटात वरून काडी पडायची आणि आजी ती काढून पुढं जेवायची. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडामातीच्या भिंतीखाली झोपायची हिंमतच गेली लोकांची. आमच्याही वडलांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला. त्यांचं काही चुकलं नाही. पण स्लॅबला फट नसते. आणि आता त्याच स्लॅबखाली पंखा लावून बसायचं आणि 'चिमण्या कुठे गेल्या' म्हणून रडकी बाहुली पाठवायची. असो, मी कुठं चाललो.

तर काका शेवटी शेवग्याकडं बघायला तयार झाले. मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर तांबट दाखवला. काका एकदम मऊ झाले. "आयला, हे आमच्या झाडावर हाय?" काकूंना हाक गेली. चहा आला. नंबर दिला-घेतला गेला. मी फुशारकीत बोलून गेलो, "फांद्या जरा आड येतात, नाहीतर फोटो फार भारी आला असता."

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. घरट्याच्या आसपासचं पानही हलवू नये, आडोसा गेला की कावळ्याला आयतं दिसतं, असं मी नवशिक्यांना बजावत असतो.

परवा सकाळी काकांचा फोन. "या लवकर! समदं मोकळं केलंय."

गेलो. शेवगा कमरेइतका उरला होता. काका कोयता घेऊन घामाघूम उभे. तसाही शेंगा संपल्या की छाटायचाच असतो म्हणे, आठ दिवस अलीकडं छाटला, खास माझ्यासाठी. भोकाची फांदी जळणाच्या ढिगात, भोक वर करून. आत बघायची माझी छाती झाली नाही. काकूंनी झाडावर उरलेल्या सगळ्या शेंगा माझ्या हातात कोंबल्या.

"आता काढा फोटू," काका म्हणाले आणि स्वतःच बुंध्याशेजारी उभे राहिले. टॉवेल काढून शर्ट घालून आले होते. ही लेन्स जवळचं अख्खं माणूस घेत नाही, म्हणून मला मागं सरकावं लागलं. नालीच्या पलीकडं, मग रस्त्याच्या पलीकडं, शेवटी समोरच्याच्या एक एचपी मोटरपाशी. तिथून काका मावले.

तो फोटो चांगला आलाय. काकांचे कालपासून चार मिस्ड कॉल आहेत. नाही पाठवणार.