गीझरची वायर आणि व्हॅनमधला इन्व्हर्टर

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीची कॅम्पर व्हॅन, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घेणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घरातला २००० वॅटचा गीझर अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरवर वर्षानुवर्षे चालतो आणि गाडीतला इन्व्हर्टरही २००० वॅटचाच असतो, तेव्हा सत्तर चौरस एमएमची केबल गळ्यात मारणारा दुकानदार लुबाडतो आहे; सोळाची केबल पुष्कळ झाली, फार तर फ्यूज मोठा बसवावा, निगेटिव्ह चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडून निम्मी केबल वाचवावी, आणि बारा व्होल्टचा शॉक लागत नसल्याने निर्धास्त राहावे. यातले शॉकविषयीचे वाक्य तेवढे खरे आहे, आणि त्याच्याच भरवशावर बाकीची वाक्ये गळी उतरतात.

गीझरची तुलना पहिल्याच पायरीवर फसते, कारण वायर किती तापेल हे तिच्यातून किती अँपिअर वाहतात यावर ठरते. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जेमतेम पावणेनऊ अँपिअर. तेवढीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर आकडा १६७ वर जातो. इन्व्हर्टर स्वतः दहाएक टक्के खातो हे धरल्यास १८५ वर, आणि बॅटरी उतरत आली की दोनशेच्याही पुढे. प्रवाह एकवीस पट झाला, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच वायरीत ती सुमारे साडेचारशे पट निर्माण होईल. यावर कोणी घरच्या इन्व्हर्टरचा दाखला देतात, की त्याच्या वायरी कुठे एवढ्या जाड असतात. त्या वायरी मीटरभर लांबीच्या असतात आणि त्यांच्यावर चार पंखे, सहा दिवे चालतात. त्यावर इंडक्शनची शेगडी कोणी लावत नाही.

आता सोळाच्या केबलकडे येऊ. बॅटरी मागच्या बाकाखाली आणि इन्व्हर्टर चालकाच्या आसनामागे असेल, तर अंतर तीन मीटर आणि जाऊन-येऊन केबल सहा मीटर होते. सोळा चौरस एमएमच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे १.२ मिलिओहम असतो. त्या हिशेबाने १८५ अँपिअरला १.३ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात आणि जवळजवळ २५० वॅटची उष्णता प्लायवुडच्या फरशीखाली कोंडून राहते. सत्तरच्या केबलमध्ये हेच आकडे ०.३ व्होल्ट आणि ५५ वॅट इतके खाली येतात. मालकाला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याला एवढेच कळते की शेगडी लावली की ‘लो बॅटरी’चा बझर वाजतो, आणि मग तो दुसरी बॅटरी विकत घेतो. त्याआधी शेगडी चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर टेकवावे. तेथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर बिघाड बॅटरीत नसून मधल्या केबलमध्ये, फ्यूजमध्ये किंवा जोडात आहे.

केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल असते, आणि तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक भरतो. अशा केबलवर ‘७०’ छापले आहे याचा काही उपयोग नाही.

‘फ्यूज मोठा बसवावा’ हा सल्ला मात्र मला या साऱ्या मजकुरातला सर्वांत घातक वाटतो. फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो. सोळाची केबल सतत ८० ते १०० अँपिअर वाहून नेऊ शकते. तिच्यावर २५० चा फ्यूज बसवला की २०० अँपिअर वाहत असताना फ्यूज शांत राहील आणि केबलचे आवरण वितळेल. फ्यूज बॅटरीच्या खुंटीपासून शक्य तितक्या जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडचा तुकडा कोणाच्याच राखणीत नसतो. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडू शकते. तेवढा प्रवाह तोडण्याची क्षमता फ्यूजवर लिहिलेली आहे का, हे पाहूनच तो घ्यावा. घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी तेथे लावू नये.

चॅसीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पत्र्याचे जोड, रंग आणि गंज यांतून दोनशे अँपिअर परत आणण्यापेक्षा निगेटिव्हलाही पॉझिटिव्हएवढीच जाड केबल टाकणे शहाणपणाचे आहे.

राहिला शॉकचा मुद्दा. बारा व्होल्ट माणसाला झटका देत नाही, पण केबलच्या टोकाला बसवलेल्या सैल थिंबलला लाल करू शकतो. हातोडीने ठोकून बसवलेले थिंबल कापून पाहिले, तर तारांमध्ये मोकळ्या फटी दिसतात. त्यावरची स्लीव्ह काही आठवड्यांत तपकिरी पडून आक्रसते आणि गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागतो. कथील ओतून ही कसर भरून काढता येत नाही, कारण केबलमध्ये झिरपलेले कथील तारांना ताठ करते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्या तेथेच तुटतात. थिंबल दाबून घट्ट बसवणारे हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल भाड्याने मिळते.

खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. तांबे महाग आहे. लॅपटॉप, दिवे आणि एक पंखा एवढाच ३०० वॅटचा भार असेल, तर २८ अँपिअरसाठी सोळाची केबल खरोखरच पुष्कळ आहे, पण मग फ्यूज ८० चा ठेवावा आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर घेऊच नये. शेगडी हवीच असेल, तर इन्व्हर्टर उचलून बॅटरीशेजारी न्यावा, पाण्याच्या बॅटरीच्या डोक्यावर तेवढा ठेवू नये. सहा मीटर जाड केबलचे काम सव्वा मीटरवर येते आणि तिच्यातली घट ०.१ व्होल्टच्याही आत राहते. तेथून ओट्यापर्यंत २३० व्होल्ट न्यायला बारीक तारांची, तीन पदरी, अडीचची वायर पुरते.