सद्दाम एकच, युद्धं दोन: कोणतं न्याय्य?

हुकूमशहा क्रूर आहे एवढ्यावरून त्याच्या देशावर चाल करून जाणं मला पटत नाही. त्यानं शेजाऱ्याच्या हद्दीत फौज घुसवली किंवा स्वतःच्याच प्रजेची कत्तल मांडली, तर मात्र शस्त्र उचलावंच लागतं. पारावर "एकदाचा उडवून टाका" म्हणणाऱ्यांनी इराकचा इतिहास नीट पाहावा.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन यानं शेजारचं कुवेत गिळलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव ६७८ करून त्याला कुवेत सोडायला १५ जानेवारी १९९१ ची मुदत दिली, नाहीतर बळाचा वापर. अमेरिकेच्या पुढाकारातली जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली, कुवेत सुटलं, फौजा थांबल्या. हे युद्ध मी योग्य मानतो. (अमेरिकेनं इराकी जनतेला उठाव करा म्हणून सांगितलं आणि मग वाऱ्यावर सोडलं, तो डाग मात्र राहिलाच.)

२००३ मध्ये अमेरिका इराकवर चालून गेली, तेव्हा सद्दामचं ना ताजं आक्रमण होतं, ना परिषदेची स्पष्ट परवानगी. ज्या संहारक अस्त्रांच्या नावानं युद्ध पुकारलं, त्यांचे साठे सापडलेच नाहीत. बगदाद तीन आठवड्यांत पडलं आणि खरी नासाडी तिथून सुरू झाली. अमेरिकी प्रशासनाच्या १६ मे च्या आदेशानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतले लोक सरकारी नोकरीतून काढले. हजारो शिक्षकही त्यात गेले. आठवड्याभरानं, २३ मे ला, अख्खी सेना बरखास्त. लाखो शिपाई एका सहीनं बेकार झाले. बंदूक चालवायचं शिक्षण अंगात, पगार बंद, वर अपमान. आणि दारूगोळ्याच्या कोठारांवर पुरेसा पहारा नाही! पुलगावच्या भांडाराभोवती एवढा बंदोबस्त कशासाठी, हे वर्धा जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. तिकडे अल-काका या एकट्या कोठारातून ३०० टनांहून जास्त स्फोटकं गायब झाली. लुटलेले तोफगोळे रस्त्याच्या कडेला पुरले जाऊ लागले. त्यात परदेशी सैनिक मेले, आणि बाजाराला निघालेले इराकीही.

याउलट १९७१ पाहा. पाकिस्तानचा याह्याखानही लष्करी हुकूमशहाच. पूर्व बंगालात (आजच्या बांगलादेशात) कत्तल सुरू होती, १ कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले होते. तरी आपण घाई केली नाही. तिथल्या बंगाली लढवय्यांच्या मुक्तिवाहिनीला शिकवून तयार केलं, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, पूर ओसरून, चीनला मध्ये पडता येऊ नये म्हणून हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होईपर्यंत थांबलो. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, १६ ला ढाका पडलं. कारभार हाती घ्यायला बांगलादेशींचं स्वतःचं सरकार एप्रिलपासूनच उभं होतं. मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत आली. बगदादमध्ये नेमकं हेच नव्हतं.

आता "गांधींच्या जिल्ह्यात बसून युद्धाची बाजू घेता?" असं कोणी विचारेल. भाऊ, १४ जुलै १९४२ चा ठराव वर्ध्यातच झाला. इंग्रजांनी सत्ता सोडावी असं सांगणाऱ्या त्याच ठरावात, जपानला रोखण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या फौजा भारतात राहायला काँग्रेस कार्यकारिणीनं तयारी दाखवली होती.